इंग्लिश फुटबॉल क्लबांची परकीय मालकी आणि कर्ज

इंग्लिश फुटबॉल क्लबांची परकीय मालकी आणि कर्ज हा इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलच्या अर्थकारणातील एक महत्त्वाचा व वादग्रस्त विषय आहे. २००३ नंतरच्या दोन दशकांत प्रीमियर लीगमधील बहुतेक क्लबांचे नियंत्रण इंग्लंडबाहेरील व्यक्ती, उद्योजक कुटुंबे, गुंतवणूक कंपन्या आणि शासनाशी संबंधित निधी यांच्याकडे गेले. याच काळात अनेक क्लबांवरील कर्ज मोठ्या प्रमाणावर वाढले. मात्र या कर्जांचे स्वरूप एकसारखे नव्हते. काही ठिकाणी मालकाने स्वतःचा पैसा क्लबला कर्जाऊ दिला, तर काही ठिकाणी क्लब विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज फेडण्याची जबाबदारी क्लबवरच टाकण्यात आली. त्यामुळे मालक कोणत्या देशाचा आहे, यापेक्षा पैसा कोणत्या दिशेने वाहतो आणि संकटकाळी कर्जाचा भार कोणावर पडतो, हे प्रश्न या विषयाच्या अभ्यासात अधिक महत्त्वाचे मानले जातात.

## पार्श्वभूमी

इंग्लंडमधील बहुतेक जुने क्लब एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च, शाळा आणि कारखाने यांच्याशी जोडलेल्या संघांतून उभे राहिले. मँचेस्टर युनायटेडचे मूळ न्यूटन हीथ येथील रेल्वे कामगारांनी १८७८ मध्ये स्थापन केलेल्या संघात आहे. व्यावसायिक खेळ सुरू झाल्यावर क्लबांनी मर्यादित दायित्वाच्या कंपन्यांचे रूप घेतले. परंतु फुटबॉल असोसिएशनच्या नियमांनुसार भागधारकांना मिळणाऱ्या लाभांशावर मर्यादा होती आणि संचालकांना वेतन घेता येत नव्हते. क्लब हा नफा कमावण्याचा धंदा नसून स्थानिक संस्था आहे, अशी त्यामागील भूमिका होती. क्लबचे अध्यक्ष सहसा त्याच गावातील कारखानदार, व्यापारी किंवा बांधकाम व्यावसायिक असत.

१९८३ मध्ये टॉटनहॅम हॉटस्पर हा शेअर बाजारात नोंदणी झालेला पहिला क्लब ठरला. क्लबच्या वर एक स्वतंत्र धारक कंपनी स्थापन करून लाभांशावरील मर्यादा टाळण्याचा मार्ग त्याने दाखवला. पुढे इतर क्लबांनीही तोच मार्ग अवलंबिला. मँचेस्टर युनायटेडची नोंदणी १९९१ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात झाली. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या हक्कांतून मिळणारे उत्पन्न झपाट्याने वाढू लागले. शेअर खुल्या बाजारात असलेला क्लब कोणीही विकत घेऊ शकत होता, आणि परदेशी खरेदीदारांवर कोणतेही विशेष निर्बंध नव्हते.

१९९७ मध्ये इजिप्तमध्ये जन्मलेले उद्योजक मोहम्मद अल फायेद यांनी फुलहॅम क्लब घेतला. तथापि परकीय मालकीच्या युगाचा आरंभ सामान्यतः जुलै २००३ पासून मानला जातो. त्या महिन्यात रशियन उद्योजक रोमन अब्रामोविच यांनी चेल्सी विकत घेतला. त्यानंतर मँचेस्टर युनायटेड (२००५), लिव्हरपूल (२००७), मँचेस्टर सिटी (२००७ आणि २००८) आणि न्यूकॅसल युनायटेड (२०२१) असे अनेक क्लब परकीय मालकांकडे गेले. यांपैकी मँचेस्टर सिटी २००८ मध्ये अबू धाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांच्या समूहाने, तर न्यूकॅसल युनायटेड सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालील गटाने विकत घेतला.

## कर्जाचे प्रकार

फुटबॉल क्लबच्या ताळेबंदात 'कर्ज' या एकाच शब्दाखाली भिन्न स्वरूपाची देणी येतात. त्यांतील प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

* अधिग्रहणासाठीचे कर्ज: खरेदीदार क्लबची किंमत मुख्यतः उसन्या पैशातून चुकवतो आणि क्लबची मालमत्ता व भावी उत्पन्न तारण ठेवतो. वित्तव्यवहारात या पद्धतीला 'लिव्हरेज्ड बायआउट' म्हणतात. या कर्जातून क्लबला नवा खेळाडू, स्टँड किंवा सराव मैदान मिळत नाही. पैसा जुन्या भागधारकांना जातो आणि परतफेड क्लब करतो.
* मालकाने दिलेले कर्ज: मालक क्लबचा तोटा भरून काढण्यासाठी स्वतःच्या कंपनीमार्फत पैसे देतो. हे कर्ज बहुधा बिनव्याजी किंवा अल्प व्याजाचे असते आणि पुष्कळदा पुढे भागभांडवलात रूपांतरित केले जाते. परंतु ते मालकाच्या इच्छेवर आणि आर्थिक स्थितीवर अवलंबून असते.
* बांधकामासाठीचे कर्ज: नवे स्टेडियम किंवा स्टँड बांधण्यासाठी घेतलेले दीर्घ मुदतीचे कर्ज. त्यातून तिकीटविक्रीचे उत्पन्न वाढत असल्याने ते तुलनेने सुरक्षित समजले जाते.
* चालू खर्चासाठीचे कर्ज: पगार व दैनंदिन देणी भागवण्यासाठी प्रक्षेपण हक्कांचे येणे असलेले हप्ते किंवा हंगामी तिकिटांचे उत्पन्न तारण ठेवून घेतलेली रक्कम.
* खेळाडू खरेदीची देणी: खेळाडूची किंमत अनेक वर्षांच्या हप्त्यांनी चुकवण्याची प्रथा असल्याने क्लबांची परस्परांकडे मोठी येणी-देणी असतात.

लीगमधील स्थान हा क्लबच्या उत्पन्नाचा मुख्य आधार असतो. खालच्या श्रेणीत घसरण झाल्यास प्रक्षेपणाचे उत्पन्न एकदम कमी होते. मात्र खेळाडूंचे करार आणि कर्जाचे हप्ते त्या प्रमाणात कमी होतातच असे नाही. अमेरिकेतील प्रमुख क्रीडा लीगमध्ये अशी घसरण नसते. त्यामुळे तेथे कमी जोखमीचे ठरणारे कर्ज इंग्लंडमध्ये धोकादायक ठरू शकते.

## मँचेस्टर युनायटेड

### अधिग्रहण

१९३१ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असलेल्या मँचेस्टर युनायटेडला स्थानिक उद्योजक जेम्स गिब्सन यांनी देणी चुकवून वाचवले होते. त्यानंतरच्या काळात क्लब आर्थिकदृष्ट्या स्थिर झाला आणि २००५ मध्ये तो कर्जमुक्त होता. १९९८ मध्ये बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने क्लबसाठी ६२.३ कोटी पौंडांचा प्रस्ताव दिला होता. तो ब्रिटिश शासनाने १९९९ मध्ये स्पर्धेच्या दृष्टीने अनिष्ट ठरवून रोखला.

अमेरिकन फुटबॉलमधील टॅम्पा बे बकनिअर्स या संघाचे मालक माल्कम ग्लेझर यांनी २००३ पासून युनायटेडचे शेअर खरेदी करण्यास सुरुवात केली. १२ मे २००५ रोजी त्यांनी आयरिश उद्योजक जॉन मॅग्नियर आणि जे. पी. मॅकमॅनस यांचा २८.७ टक्के हिस्सा विकत घेतला आणि क्लबचे नियंत्रण मिळवले. प्रतिशेअर ३ पौंड या दराने क्लबची किंमत सुमारे ७९ कोटी पौंड ठरली. काही दिवसांतच ग्लेझर यांचा हिस्सा ७५ टक्क्यांच्या वर गेला आणि जून २००५ मध्ये कंपनीची शेअर बाजारातील नोंदणी रद्द झाली. लहान भागधारकांना, ज्यांत अनेक सामान्य समर्थक होते, आपले शेअर सक्तीने विकावे लागले.

### कर्जाची रचना

खरेदीच्या किमतीपैकी पन्नास कोटी पौंडांहून अधिक रक्कम कर्जातून उभारण्यात आली होती. कर्जाचा एक भाग क्लबच्या मालमत्तेवर तारण होता. दुसरा भाग ग्लेझर कुटुंबाच्या धारक कंपनीने हेज फंडांकडून घेतला होता. या दुसऱ्या भागावरील व्याज दरवर्षी न चुकवता मुद्दलात मिळवले जाई. त्यामुळे तो चक्रवाढ पद्धतीने फुगत गेला. २००६ मध्ये कर्जाची फेररचना झाली तेव्हा एकूण कर्ज सुमारे ६६ कोटी पौंड आणि वार्षिक व्याज सुमारे ६.२ कोटी पौंड होते.

जानेवारी २०१० मध्ये क्लबने सुमारे ५० कोटी पौंडांचे रोखे विकून बँकांचे कर्ज फेडले. त्याच वर्षी ऑगस्टपासून हेज फंडांच्या कर्जावरील व्याजदर १६.२५ टक्के झाला आणि नोव्हेंबरमध्ये ते कर्ज चुकते करण्यात आले. ऑगस्ट २०१२ मध्ये कंपनीची न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी झाली. प्रतिशेअर १४ डॉलर दराने २३.३ कोटी डॉलर उभे राहिले. त्यांतील निम्मी रक्कम क्लबचे कर्ज कमी करण्यासाठी, तर निम्मी ग्लेझर कुटुंबाकडे गेली. कुटुंबाकडील शेअरना सामान्य शेअरच्या दहापट मताधिकार असल्यामुळे शेअर विकूनही नियंत्रण त्यांच्याकडेच राहिले.

२००५ पासूनचे व्याज, कर्जविषयक शुल्क, लाभांश व इतर खर्च मिळून क्लबमधून एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम बाहेर गेल्याचे ब्रिटिश वृत्तपत्रांतील विश्लेषणांत वारंवार नमूद करण्यात आले आहे. अधिग्रहणाला वीस वर्षे होत आली तरी सुमारे ६५ कोटी डॉलरचे दीर्घ मुदतीचे कर्ज क्लबच्या खात्यावर कायम होते.

### मैदानावरील व व्यावसायिक परिणाम

कर्जाचा परिणाम मैदानावर लगेच दिसला नाही. व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या कार्यकाळात, २००७ ते २०१३ या दरम्यान, संघाने प्रीमियर लीग पाच वेळा आणि २००८ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. जगभरच्या प्रायोजकांशी करार करण्याच्या धोरणामुळे क्लबचे वार्षिक उत्पन्नही वाढले: २००४-०५ मधील सुमारे १५.७ कोटी पौंडांवरून ते २०२३-२४ मध्ये ६६.२ कोटी पौंडांवर गेले. ग्लेझर कुटुंबाचे समर्थक या वाढीचा दाखला देतात. टीकाकारांच्या मते, प्रक्षेपण हक्कांची वाढ सर्वच क्लबांना लाभली होती, आणि युनायटेडच्या वाढीव उत्पन्नातील मोठा वाटा कर्जाकडे वळल्यामुळे ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमची डागडुजी व विस्तार मागे पडला. २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाल्यानंतरच्या दशकात संघाला एकदाही लीग जिंकता आली नाही.

### समर्थकांचा विरोध

अधिग्रहणाच्या निषेधार्थ काही समर्थकांनी २००५ मध्येच एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सदस्यांच्या मालकीचा नवा क्लब स्थापन केला. २०१० मध्ये हजारो प्रेक्षक लाल रंगाऐवजी हिरव्या-सोनेरी रंगाचे मफलर घालून सामन्यांना येऊ लागले. हे न्यूटन हीथ संघाचे मूळ रंग होते. त्याच वर्षी धनवान समर्थकांच्या 'रेड नाइट्स' नावाच्या गटाने क्लब विकत घेण्याचा प्रयत्न केला. तो यशस्वी झाला नाही.

एप्रिल २०२१ मध्ये युनायटेडसह युरोपातील बारा क्लबांनी 'युरोपियन सुपर लीग' ही जवळपास बंदिस्त स्वरूपाची स्पर्धा घोषित केली. सर्व सहा इंग्लिश क्लबांनी दोन दिवसांतच माघार घेतली, तरी रोष शमला नाही. २ मे २०२१ रोजी आंदोलक ओल्ड ट्रॅफर्डमध्ये शिरल्यामुळे लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योजक जिम रॅटक्लिफ यांनी क्लबचा चतुर्थांशाहून अधिक हिस्सा घेतला आणि फुटबॉलविषयक कामकाजाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यानंतरच्या खर्चकपातीत शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. बहुसंख्य मताधिकार ग्लेझर कुटुंबाकडेच राहिले.

## लिव्हरपूल

फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकन उद्योजक टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट यांनी लिव्हरपूल क्लब विकत घेतला. युनायटेडप्रमाणे खरेदीचे कर्ज क्लबवर टाकले जाणार नाही आणि स्टॅनली पार्कमध्ये नवे स्टेडियम लवकरच उभे राहील, अशी ग्वाही त्यांनी दिली होती. स्टेडियम उभे राहिले नाही. जानेवारी २००८ मधील ३५ कोटी पौंडांच्या फेरकर्जातील काही भाग प्रत्यक्षात क्लबवरच आला. जागतिक आर्थिक संकटानंतर बँकांनी परतफेडीचा आग्रह धरला, दोन्ही मालकांत बेबनाव झाला आणि समर्थकांनी 'स्पिरिट ऑफ शँकली' ही संघटना स्थापून आंदोलन सुरू केले.

ऑक्टोबर २०१० मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या कर्जाची मुदत संपत आली होती. संचालक मंडळातील बहुमताने क्लब विकण्याचा निर्णय घेतला. मालकांनी त्याला विरोध केला. लंडनच्या उच्च न्यायालयाने संचालक मंडळाच्या बाजूने निकाल दिला आणि १५ ऑक्टोबर २०१० रोजी क्लब ३० कोटी पौंडांना न्यू इंग्लंड स्पोर्ट्स व्हेंचर्स या अमेरिकन समूहाकडे गेला. हाच समूह पुढे फेनवे स्पोर्ट्स ग्रुप या नावाने ओळखला जाऊ लागला. नव्या मालकांनी अधिग्रहणाचे कर्ज फेडले आणि नवे कर्ज मुख्यतः ॲनफील्ड स्टेडियमच्या विस्तारासाठी वापरले. संघाने २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये प्रीमियर लीग जिंकली. एकाच क्लबच्या लागोपाठच्या दोन अमेरिकन मालकांच्या काळात परिणाम इतके भिन्न झाल्यामुळे लिव्हरपूलचे उदाहरण या चर्चेत नेहमी दिले जाते.

## पोर्टस्मथ

दक्षिण इंग्लंडमधील पोर्टस्मथने २००८ मध्ये एफए कप जिंकला. मात्र संघाचा पगारखर्च क्लबच्या उत्पन्नाला झेपणारा नव्हता. तो मालक अलेक्झांडर गेदामाक यांच्या पैशावर आणि कर्जावर चालत होता. त्यांनी पैसा देणे थांबवल्यावर २००९-१० च्या एकाच हंगामात क्लबने चार मालक पाहिले. २६ फेब्रुवारी २०१० रोजी पोर्टस्मथ न्यायालयीन प्रशासकाच्या ताब्यात गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना अशी वेळ आलेला हा पहिला क्लब होता. शिक्षा म्हणून त्याचे नऊ गुण कापले गेले, कर्मचारी कमी करण्यात आले आणि संघ खालच्या श्रेणीत गेला.

या प्रकरणामुळे 'फुटबॉल धनकोंना प्राधान्य' हा नियम चर्चेत आला. त्यानुसार दिवाळखोर क्लबने खेळाडू आणि इतर क्लबांची देणी पूर्ण चुकवणे आवश्यक असते, तर कर खाते, स्थानिक पुरवठादार व सेवाभावी संस्था यांना थकबाकीचा अंशच मिळतो. पोर्टस्मथच्या धनकोंच्या यादीत सामन्यांच्या वेळी प्रथमोपचार पुरवणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही स्वयंसेवी संस्थाही होती.

२०१२ मध्ये क्लब पुन्हा प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि २०१३ मध्ये चौथ्या श्रेणीत घसरला. एप्रिल २०१३ मध्ये समर्थकांच्या न्यासाने वर्गणी जमवून क्लब विकत घेतला व जुनी देणी चुकवली. २०१७ मध्ये सदस्यांच्या मतदानानंतर तो अमेरिकन उद्योजक मायकेल आयस्नर यांच्या कंपनीला विकण्यात आला. २०२४ मध्ये पोर्टस्मथ दुसऱ्या श्रेणीत परतला.

## चेल्सी

चेल्सीचे उदाहरण मालकाने दिलेल्या कर्जाचे आहे. अब्रामोविच यांनी २००३ ते २०२२ या काळात आपल्या कंपनीमार्फत क्लबला सुमारे दीड अब्ज पौंड दिले. हे कर्ज बिनव्याजी होते. त्याच्या बळावर संघाने पाच वेळा प्रीमियर लीग आणि दोन वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली. परंतु क्लबचे अस्तित्व एका व्यक्तीवर अवलंबून राहिले. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर १० मार्च २०२२ रोजी ब्रिटिश शासनाने अब्रामोविच यांची मालमत्ता गोठवली. क्लबला केवळ विशेष परवान्याखाली कामकाज करता येऊ लागले. नवी तिकिटे विकण्यावर आणि खेळाडूंशी नवे करार करण्यावर बंदी आली. मे २०२२ मध्ये क्लब टॉड बोली आणि क्लिअरलेक कॅपिटल यांच्या गटाला अडीच अब्ज पौंडांना विकण्यात आला. अब्रामोविच यांनी कर्जाची मागणी सोडली आणि विक्रीची रक्कम ब्रिटनमधील बँक खात्यात गोठवण्यात आली.

## ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि भारतीय मालकी

लँकशायरमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८८८ मध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल लीगच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक आहे. स्थानिक पोलाद उद्योजक जॅक वॉकर यांच्या पैशाच्या आधारे संघाने १९९४-९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. वॉकर यांच्या निधनानंतर क्लब त्यांच्या कुटुंबाच्या न्यासाकडे राहिला. नोव्हेंबर २०१० मध्ये पुणे येथील व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजेच 'व्यंकीज'ने, तो सुमारे २.३ कोटी पौंडांना विकत घेतला आणि क्लबवरील जुन्या कर्जाची जबाबदारीही स्वीकारली. कुक्कुटपालन क्षेत्रातील हा समूह बी. व्ही. राव यांनी उभारला असून क्लबच्या खरेदीच्या वेळी त्याची धुरा त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश व बालाजी राव यांच्याकडे होती. प्रीमियर लीगमधील क्लब विकत घेणारी ही पहिली भारतीय कंपनी होती.

खरेदीनंतर महिन्याभरातच अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस यांना हटवण्यात आले आणि मे २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. घसरण निश्चित करणाऱ्या विगनविरुद्धच्या सामन्यात निषेध म्हणून प्रेक्षकांनी क्लबच्या ध्वजात गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर अशी वेळ प्रथमच आली होती. पुढच्याच हंगामात तो दुसऱ्या श्रेणीत परतला.

आर्थिकदृष्ट्या हे उदाहरण ग्लेझर कुटुंबाच्या उलट आहे. व्यंकीजने क्लबमधून पैसा बाहेर काढला नाही. उलट वर्षानुवर्षांचा तोटा मालक कंपनीच्या पैशातून भरला गेला. तरीही समर्थकांचा रोष कमी झाला नाही, कारण त्यांची मुख्य तक्रार कारभाराविषयी आणि मालकांच्या अनुपस्थितीविषयी होती. पुढे भारतातील अंमलबजावणी संचालनालयाने परकीय चलन कायद्याच्या संदर्भात चौकशी सुरू केल्यावर क्लबला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घेणे मालकांना आवश्यक झाले. लँकशायरमधील क्लबचा चालू खर्च दुसऱ्या देशातील न्यायालयीन प्रक्रियेशी जोडला गेल्यामुळे मालकाच्या कर्जावर चालणाऱ्या क्लबची अडचण स्पष्ट झाली.

याच्या उलट दिशेचे उदाहरण मुंबईत आढळते. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता.

## इतर देशांतील स्थिती

इटलीत धनकोच मालक झाल्याची दोन ठळक उदाहरणे आहेत. चिनी उद्योजक ली योंगहाँग यांनी २०१७ मध्ये एसी मिलान विकत घेताना अमेरिकन गुंतवणूक कंपनी एलियटकडून कर्ज घेतले होते. ते थकल्यावर २०१८ मध्ये क्लब एलियटच्या ताब्यात गेला. इंटर मिलानच्या चिनी मालकांनी २०२१ मध्ये ओकट्री या अमेरिकन कंपनीकडून २७.५ कोटी युरो घेतले होते; परतफेड न झाल्याने मे २०२४ मध्ये ओकट्री मालक झाली.

जर्मनीत '५०+१' नियमानुसार क्लबच्या व्यावसायिक कंपनीतील बहुसंख्य मताधिकार सदस्यांच्या संस्थेकडे असणे आवश्यक असते. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग यांसारखे काही क्लब त्याला अपवाद आहेत. या नियमामुळे बाहेरील गुंतवणूकदाराला एकतर्फी क्लब ताब्यात घेता येत नाही.

सदस्यांची मालकी असली म्हणजे कर्ज होत नाही, असे मात्र नाही. स्पेनमधील बार्सिलोना हा सदस्यांच्या मालकीचा क्लब आहे. २०२१ मध्ये त्याची एकूण देणी सुमारे १.३५ अब्ज युरो असल्याचे अध्यक्ष जुआन लापोर्ता यांनी जाहीर केले. त्याच वर्षी लीगच्या वेतनमर्यादेत बसत नसल्यामुळे लिओनेल मेस्सी यांना क्लब सोडावा लागला.

## नियमन

इंग्लंडमध्ये २००४ पासून क्लबचे मालक व संचालक यांच्यासाठी पात्रता चाचणी लागू आहे. पोर्टस्मथसारख्या प्रकरणांनंतर ही चाचणी अपुरी असल्याची टीका झाली. युरोपीय महासंघ युएफाने २०१० मध्ये 'फायनान्शियल फेअर प्ले' नियम स्वीकारले. प्रीमियर लीगच्या नियमांनुसार क्लबला तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंडांचा तोटा करता येत असे. या नियमाच्या उल्लंघनाबद्दल २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे गुण कापण्यात आले. हे नियम प्रामुख्याने तोट्यावर लक्ष ठेवतात. अधिग्रहणाचे कर्ज असूनही नफ्यात असणारा क्लब त्यांत सहज बसू शकतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये बरी हा १८८५ मध्ये स्थापन झालेला आणि दोनदा एफए कप जिंकलेला क्लब देणी भागवण्याची क्षमता सिद्ध करू न शकल्याने फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यात आला. त्याचे मालक इंग्लिशच होते. या घटनेने आणि सुपर लीगच्या प्रयत्नाने कायद्याची मागणी तीव्र झाली. माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र नियामकाची शिफारस केली. त्यानुसार 'फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट' हा कायदा जुलै २०२५ मध्ये संमत झाला. पुरुष फुटबॉलच्या वरच्या पाच श्रेणींतील क्लबांना परवाना घेणे, मालकाच्या पैशाचा स्रोत तपासणे, स्टेडियम विकण्यावर निर्बंध आणि महत्त्वाच्या निर्णयांत समर्थकांशी सल्लामसलत, या त्यातील प्रमुख तरतुदी आहेत. कर्ज काढून क्लब विकत घेण्यावर कायद्याने सरसकट बंदी घातलेली नाही.

## मूल्यमापन

परकीय गुंतवणुकीच्या समर्थकांच्या मते तिच्यामुळे प्रीमियर लीग जगातील सर्वाधिक उत्पन्नाची लीग बनली, स्टेडियम आधुनिक झाले आणि खेळाचा दर्जा उंचावला. टीकाकारांच्या मते क्लबचा ग्राहक इतर ग्राहकांसारखा नसतो: तो नाराज झाला तरी दुसरा क्लब निवडत नाही, आणि या निष्ठेमुळेच क्लबचे भावी उत्पन्न कर्जासाठी खात्रीचे तारण ठरते. तिकिटांचे दर वाढवून किंवा खर्चात कपात करून कर्जाचा भार अखेरीस समर्थक आणि कर्मचारी यांच्यावर पडतो, असा त्यांचा आक्षेप आहे.

वरील उदाहरणांवरून मालकाच्या राष्ट्रीयत्वाचा आणि क्लबच्या आर्थिक आरोग्याचा थेट संबंध प्रस्थापित होत नाही. लिव्हरपूलला संकटात टाकणारे आणि सावरणारे दोन्ही मालक अमेरिकन होते. बरी स्थानिक मालकीखाली लीगबाहेर गेला. बार्सिलोना स्वतःच्या सदस्यांच्या मालकीत कर्जबाजारी झाला. परकीय मालकीमुळे मालक व क्लबचे गाव यांतील अंतर वाढते आणि जाब विचारणे अवघड होते, हे ब्लॅकबर्न व चेल्सीच्या अनुभवातून दिसते. मात्र क्लब टिकतो की नाही, हे कर्ज कशासाठी घेतले, ते कोणाच्या नावावर आहे आणि मालक निघून गेल्यावर ते कोण फेडणार, यावर अधिक अवलंबून असल्याचे आढळते.

## हे सुद्धा पहा

* प्रीमियर लीग
* मँचेस्टर युनायटेड
* ब्लॅकबर्न रोव्हर्स
* युरोपियन सुपर लीग
* मुंबई सिटी एफसी